तीन प्राध्यापक, एक कोट

शपथेवर सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे, थोडाफार सोडून. आमची जुनी मंडळी चहाला बसली की चिंचवडच्या कॉलेजचा किस्सा निघतो, आणि दर खेपेला तो वीतभर वाढतो. दोष माझा नाही राव, चहाच लांबतो.

आमचं कॉलेज म्हणजे गुळाचं जुनं गोदाम. तीन खोल्या, तीन प्राध्यापक. पण प्रिन्सिपॉल बर्वेसरांनी पत्र्यावर पाटी रंगवली ती एवढी, की आगगाडीतनं वाचता यावी. एक पाहुणे गाडीतून उतरून थेट दारात आले.

"पाटी दिसली. कॉलेज कुठंय?"

"तुम्ही त्याच्यातच उभे आहात," सर म्हणाले.

मी विचारलं, "सर, एवढी पाटी कशाला?"

"शिकवणं आत आल्यावर कळतं रे. पण माणूस आत यायला बाहेर काहीतरी दिसावं लागतं."

* * *

दुसरं दिसणारं म्हणजे कोट. काळा, बर्वेसरांच्या लग्नातला. तिघांत एकच. ज्याचा तास, त्याच्या अंगावर कोट. गणिताचे सर खडूचा हात खिशाला पुसायचे, तो डाग काही केल्या जाईना. फिजिक्सचे सर ताडमाड. त्यांना बाह्या कोपरापर्यंत यायच्या.

* * *

चाकणकडचे एक पाटील मुलाला घेऊन आले. आधी पुण्याची कॉलेजं पाहून आले होते. गोदाम बघून पोरगं हिरमुसलं. पाटील खिडकीतून बराच वेळ वर्ग न्याहाळत राहिले.

"नाव घाल हितंच," ते पोराला म्हणाले. "पुण्यात मास्तर सदऱ्यावर शिकवत हुता. हितं कोट हाय."

पुढच्या वर्षी त्यांच्या गावची निम्मी पोरं आमच्याकडे. पंचक्रोशीत आमचं नावच पडलं, कोटाचं कॉलेज.

* * *

मग विद्यापीठाची समिती आली. मान्यता मिळाली नाही तर आम्हाला परीक्षेला बसता येणार नव्हतं. सगळं शिकलेलं पाण्यात, आणि मी परत भोसरीला बैलांमागे.

समिती पहिल्या वर्गात गेली, तिथे गणिताचे सर कोटात. समिती दाराबाहेर पडली आणि कोट खिडकीबाहेर. खाली मी उभा. दुसऱ्या खिडकीतून तो फिजिक्सच्या सरांकडे.

समितीचे अध्यक्ष थबकले. "कोट जरा आखूड वाटतो."

"विजेचं काम, साहेब. बाही लांब असून चालत नाही."

तिसऱ्या वर्गात बर्वेसर इंग्रजी शिकवत होते. पोटावर बटण लागत नव्हतं. अध्यक्षांनी खिशावरचा खडूचा डाग पाहिला, आणि मग एकदा खिडकीकडे. खिडकीत मी.

चहा झाला. निघताना अध्यक्षांनी अंगातला कोट काढला, ऑफिसातल्या खिळ्याला अडकवला आणि टांग्यात बसले.

बर्वेसर मागे धावले. "साहेब, आपला कोट..."

"कुठला कोट?" अध्यक्ष म्हणाले. "चला हो टांगेवाले."

महिन्याभरात मान्यता आली. माझी पदवी आजही भिंतीवर आहे, आणि तिच्याकडे बघितलं की मला आधी तो खिळाच आठवतो.

आता कबुली. विजेचं ते उत्तर सरांनी दिलंच नव्हतं. ते बिचारे नुसते घामाघूम झाले होते. उत्तर माझं, मागाहून जोडलेलं.

अध्यक्ष मात्र खरोखरच सदऱ्यावर स्टेशनला गेले.