तुळसाबाईची पाटी

मी जन्माला येणार ही बातमी माझ्या बापाच्या आधी एका विलायती कंपनीला कळली. याचा राग मला अजून आहे आणि तो जाऊ नये अशीच माझी इच्छा आहे. त्या कंपनीचं नाव मी इथे घेणार नाही. तिने आमच्याकडून फुकट नेलं तेवढं पुष्कळ झालं, वर तिची फुकट जाहिरात कोण करणार?

नाव घ्यायचं ते तुळसाबाईचं. नागपुरात इंदोऱ्याला आमच्यापासून दोन घरं पलीकडे ती एकटीच राहायची आणि दिवसभर मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायची. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा ती तिशीची होती आणि तिला एक अक्षर येत नव्हतं. पुढे विहारात बायकांचा वर्ग सुरू झाला तशी ती पाटी घेऊन जाऊन बसली. बाकीच्या बायका सही येईपर्यंत टिकल्या, ही पत्र लिहिता येईपर्यंत टिकली. मग वस्तीतल्या बायकांची पत्रं तिच्याच हातून जाऊ लागली. मोबदल्यात कोणी मूठभर मिरच्या द्यायचं, कोणी नुसताच चहा पाजायचं.

तिची एक रीत होती. पत्र लिहिताना ती कागदाखाली वही घ्यायची नाही, आपली जुनी पाटी घ्यायची. वहीच्या खालच्या पानावर अक्षरांचे वळ उठतात, पाटीच्या दगडावर उठत नाहीत. लिहून झालं की वाचून दाखवायची आणि आंतरदेशीय पत्र जिचं तिच्याच हातात ठेवायची. डिंक तिनेच लावायचा, पेटीतही तिनेच टाकायचं. "पत्र तुहं आहे वं, मी त फक्त हात," असं म्हणायची. चौदा वर्षांत कोणाच्या पत्रातला एक शब्द तिच्या ओठांवर आला नाही.

मात्र लिहिताना ती गप्प बसायची नाही, हा तिचा दोष मान्य करायलाच हवा. कोणी माहेरी 'सगळं ठीक आहे' असं लिहायला सांगितलं, की लेखणी थांबवून विचारायची, "काहून खोटं लिवायले लावतं वं? काल त रडून राहिली होती." बायकांना ते झोंबायचं.

म्हणून चौऱ्याहत्तर साली हमरस्त्यावर त्या कंपनीचं केंद्र उघडलं तेव्हा बायका तिकडे धावल्या, यात नवल नाही. 'मोफत पत्रसेवा' अशी पाटी, सीताबर्डीतल्या दुकानांसारखा काचेचा दरवाजा, बसायला खुर्ची, डोक्यावर पंखा. आंतरदेशीय त्यांचं, लिहिणारी मुलगी त्यांची, आणि ती मुलगी कोणालाही 'काहून' म्हणून विचारायची नाही. दूधपावडर विकणारी परदेशी कंपनी हे सगळं फुकट का करते, हे विचारणारी वस्तीत एकच होती. तिला सगळ्यांनी सांगितलं की तुळसाबाई, तुमचा जळफळाट होतो आहे.

माझी आई कौशल्याही तिकडे गेली. तिचं कारण वेगळं होतं. माझ्याआधी तिची दोन गरोदरपणं अर्ध्यावर गेली होती. दोन्ही वेळा माझ्या आजीने, जिजाबाईने, आनंदाच्या भरात पहिल्याच महिन्यात वस्तीभर सांगून टाकलं, आणि नंतर तीच सगळी वस्ती सांत्वनाला दारात आली. दुसऱ्या खेपेला आई आठ दिवस घराबाहेर पडली नाही. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा तिने ठरवलं की पाचवा महिना लागेपर्यंत कोणाला कळू द्यायचं नाही. बाप उमरेडकडे कोळशाच्या खाणीत, पंधरा दिवसांनी घरी येणारा. त्यालाही नाही, कारण तो ते आजीला सांगणारच. फक्त आरमोरीला आपल्या आईला कळवायचं. आणि तुळसाबाई तर रोज संध्याकाळी आजीजवळ येऊन बसायची. आईने विचार केला, ओळखीच्या बाईपेक्षा परकी बरी. परकी कोणाला सांगणार?

आई ही चूक पुढे जन्मभर सांगत राहिली, हसत नव्हे.

तीन आठवड्यांनी, भर दुपारी, टाय लावलेला एक माणूस दारात उभा राहिला. हातात डबा, डब्यावर गुटगुटीत गोरं बाळ. त्याने आजीला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "अभिनंदन आजीबाई! सूनबाईंना तिसरा महिना लागला ना? ही आमच्या कंपनीची भेट."

आजीच्या हातातला तांब्या खाली पडला. आपल्या घरातली गोष्ट रस्त्यावरच्या माणसाला ठाऊक आणि आपल्याला नाही! आई आत भिंतीला टेकून सगळं ऐकत होती. आजीने तिला काही विचारलं नाही. ती सरळ तुळसाबाईच्या अंगणात गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली, "पत्र लिवतं का दवंडी पिटतं वं? माह्या सुनेच्या पोटातलं तू डबेवाल्याले विकलं!"

बायका जमल्या. तुळसाबाईच्या मांडीवरचं सूप कलंडलं, तंबाखू अंगणभर झाली. चौदा वर्षं जपलेलं नाव एका दुपारी मातीत गेलं होतं, आणि तिला कशाबद्दल हेही माहीत नव्हतं. आईची अवस्था काय झाली असेल! पण ती बाहेर आली आणि सगळ्यांसमोर आजीला म्हणाली, "आत्याबाई, तिले नोका बोलू. मी तिच्याकडं गेलीच नाई. मी केंद्रात गेली होती."

मग मागून एक बाई म्हणाली, माझ्याकडेही डबा घेऊन आला होता. दुसरी म्हणाली, माझ्या लेकीला दूध येत नाही हे कोणी सांगितलं त्यांना? तुळसाबाईने तंबाखू गोळा केली नाही. उठली, पाटी काखेत मारली आणि म्हणाली, "चाला."

केंद्रात मधुकरराव नावाचे व्यवस्थापक बसायचे. इस्त्रीची पँट, गोड बोलणं. दारात तीस-चाळीस बायका पाहून ते उभे राहिले. तुळसाबाई टेबलाशी गेली आणि लिहायच्या जाड वहीचं वरचं पान उचललं. खाली निळा कार्बन. त्याखाली कोरा कागद.

"हे काहून ठेवता, साहेब?"

"कार्यालयाच्या नोंदीसाठी, बाई. सगळीकडे हीच पद्धत आहे. तुमच्या सोयीसाठीच तर."

तुळसाबाईने कार्बन काढून खिडकीतल्या उन्हाकडे धरला. नवा होता, एकदाच वापरलेला, त्यामुळे अक्षरं चाळणीच्या भोकांसारखी स्वच्छ दिसत होती. ते कोण्या बाईचं पत्र नव्हतं. खाली सही होती, 'आपला, मधुकर'. साहेबांनी स्वतःचं पत्र त्याच वहीवर लिहिलं होतं, खालची प्रत काढून घेतली होती, पण कार्बन ते विसरले होते.

साहेबांनी झटकन हात पुढे केला. "द्या ते इकडे! खाजगी पत्र आहे ते!"

"मंग आमचे का सरकारी होते?"

मागच्या बायका हसल्या नाहीत. एक म्हणाली, वाच वं मोठ्यानं. दुसरीही म्हणाली, वाच. तुळसाबाईने सहीपलीकडे एक ओळ पाहिली नव्हती. तिने कार्बनची घडी घातली आणि साहेबांच्या हातात दिली.

"घ्या. मले वाचता येते, तरी मी दुसऱ्याचं पत्र वाचत नाई. आता आमचे द्या."

मला वाटतं, तिने ते वाचलं असतं तर साहेबांनी पोलीस बोलावले असते. तिने वाचलं नाही म्हणून त्यांना कपाट उघडावं लागलं.

कपाटात त्या महिन्याच्या प्रती होत्या. ज्या पत्रात पाळणा हलायची बातमी, त्यावर लाल पेन्सिलीची खूण. आता अडचण अशी की कोणतं पत्र कोणाचं हे बायकांना कळेना, आणि कळायचं तर कोणीतरी वाचायला हवं. तुळसाबाई जमिनीवर बसली. प्रत्येक कागद पाटीखाली झाकला, शेवटची ओळ तेवढी उघडी ठेवली, नाव वाचून हाक मारली. जिची तिला प्रत मिळाली. असं करत ऊन उतरलं.

आईचं नाव आलं नाही.

"मागच्या महिन्याचा गठ्ठा मुंबईला गेला," मधुकरराव खाली बघत म्हणाले. "तिथून परदेशी, मुख्य कार्यालयात. तो आता परत येत नाही."

दुसऱ्या दिवशी आईने तुळसाबाईकडून कंपनीला पत्र लिहून घेतलं. तुळसाबाईने ते दोनदा लिहिलं, एक पाठवायला आणि एक आईजवळ ठेवायला. ते माझ्यापाशी आहे. त्यात एवढंच आहे: 'माझ्या लेकराची गोष्ट माझ्या तोंडची होती. तुम्ही ती न विचारता नेली. ती परत पाठवा.' उत्तर आलं नाही. केंद्र मात्र दिवाळीच्या आत बंद झालं, कारण तिथे कोणी फिरकेना.

मी माघात जन्मले, धडधाकट. पहिल्या वाढदिवसाला रंगीत कार्ड आलं, वर तेच गोरं बाळ, आत माझ्या आईचं नाव आणि पत्ता बिनचूक. म्हणजे आम्ही अजून त्यांच्या कपाटात होतो. पोस्टमन म्हणाला, घ्यायचं नसेल तर तसं वर लिहून द्या, येत नसेल तर अंगठा चालेल. आई म्हणाली, "अंगठा नाई देत." ते कार्ड तुळसाबाईने लिहून परत पाठवलं.

त्या संध्याकाळपासून आई पाटी घेऊन तिच्या अंगणात बसू लागली. तुळसाबाईने तिला आधी नाव शिकवायला घेतलं, तर आई म्हणाली, नाव मागून, आधी ते पोस्टाचं शिकवा. पुढच्या माघात पोस्टमन तसंच कार्ड घेऊन आला. आईने ते दाराच्या चौकटीवर टेकवलं आणि वाकड्यातिकड्या, मोठ्या अक्षरांत आयुष्यातली पहिली ओळ लिहिली: 'घेण्यास नकार.'