गुडघ्याची गोळी आणि पोटाचं दुखणं

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांच्या गाडीत ब्रेक दोन होते. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, एक मास्तरांच्या पायाशी. शिकणाऱ्याचा ब्रेक शोभेचा असतो, असं ते म्हणत. मीही त्यांच्याकडेच शिकलो, त्यामुळे हे मला उद्देशूनही असेल.

वर्षानुवर्षं दुसरा ब्रेक दाबून मास्तरांचा गुडघा कामातून गेला होता. त्यासाठी ते गोळी घ्यायचे. औषधाच्या दुकानात हसून मागितली की मिळते, ती. सकाळी एक, जेवणाच्या सुट्टीत एक, आणि शिकाऊ फारच उत्साही निघाला तर संध्याकाळी आणखी एक. याला ते औषध मानत नसत.

"औषध आजारी माणूस घेतो," ते म्हणत. "मी फक्त तेलपाणी करतो."

मग त्यांचं पोट दुखायला लागलं. बेंबीच्या वर, छातीच्या खाली, आतून कुणीतरी कुरतडावं तसं. पोट रिकामं असलं की दुखायचं आणि चार घास गेले की थांबायचं. मास्तरांनी यावरून निष्कर्ष काढला की पोट रिकामं ठेवू नये. डॅशबोर्डच्या कप्प्यात गाडीच्या कागदपत्रांवर बिस्किटांचे पुडे आले. धडा चालू असताना मास्तर अधूनमधून "बाजूला घ्या" म्हणायचे. शिकाऊला वाटायचं, आपलं काही चुकलं. मास्तर बिस्किट खायचे. काही महिन्यांत त्यांच्या पँटा कमरेला बसेनात. दुखणं मात्र जिथल्या तिथे.

घरात या दुखण्यावर तीन मतं होती. बायकोचं म्हणणं, "तुम्ही सगळं पोटात ठेवता. दिवसभर लोक तुम्हाला भिंतीवर घालायला निघतात आणि तुम्ही त्यांना शाबास म्हणता. ते कुठेतरी निघणारच." मेव्हण्याचं म्हणणं, हे पित्त, थंड दूध घ्या. थोरल्या बहिणीने मास्तरांचा चेहरा पांढराफटक पाहिला आणि लोहाच्या टॉनिकची बाटली हातात ठेवली. मास्तरांनी कुणालाच दुखावलं नाही. दूध प्यायले, टॉनिक घेतलं, आणि बायकोच्या समाधानासाठी एक दिवस एका शिकाऊवर रागावूनही पाहिलं. शिकाऊ रडला. पोट दुखतच राहिलं.

ते घरच्या डॉक्टरांकडेही जाऊन आले. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, विचारलं, "आणखी काही औषधं चालू आहेत?"

"नाही," मास्तर म्हणाले, आणि यात त्यांना खोटं काही वाटलं नाही. डॉक्टरांनी आम्ल कमी करणारी गोळी दिली आणि बजावलं, "यानंतरही दुखलं तर दुर्बिणीतून बघावं लागेल." गोळी चालू होती तोवर बरं वाटलं. ती संपली तसं पुन्हा दुखू लागलं. दुर्बिणीचा विषय मास्तरांनी घरी काढला नाही.

पुढे त्यांना शौचाला काळी व्हायला लागली. डांबरासारखी, चिकट, घाण वासाची. मास्तर घाबरले आणि त्यांनी टॉनिकची बाटली वाचली. तिच्यावर लिहिलंच होतं, शौचाचा रंग काळा होऊ शकतो. मास्तर छापलेल्या सूचनांवर विश्वास ठेवणारा माणूस. निश्चिंत झाले. जिना चढताना दम लागायचा, त्याचं खापर त्यांनी बिस्किटांवर फोडलं.

त्या दिवसांत त्यांच्याकडे एक टेलरबाई शिकायला येत. साठीच्या आसपासच्या. नवरा जाताना गाडी मागे ठेवून गेला होता आणि ती दारात उभी राहून धूळ खाते, हे त्यांना बघवत नव्हतं. आयुष्य पायमशीनवर गेलेलं, त्यामुळे ॲक्सिलरेटरही त्या तसाच थाप थाप दाबायच्या. गाडी रस्त्यावरून टाके घालत जायची. दुसऱ्या गिअरच्या पुढे त्या कधी गेल्या नव्हत्या. जायची इच्छाही नव्हती.

एका सकाळी बाजारपेठेच्या रस्त्यावर समोर हातगाडी आडवी आली. मास्तर म्हणाले, "थांबा." आणि त्यांचा पाय हललाच नाही. बाईंनी ब्रेक दाबला. गाडी हातगाडीच्या वीतभर अलीकडे थांबली.

"मास्तर, बघा! माझी मी थांबवली!"

"छान," मास्तर म्हणाले. "मला जरा अंधारी येतेय."

बाईंनी वळून बघितलं. मास्तर घामाने निथळत होते, चेहऱ्यावर रंग म्हणून नव्हता. मग ते पुढे वाकले आणि त्यांना उलटी झाली. गडद, कॉफीच्या चोथ्यासारखी. लोक जमले. कुणी पाणी आणा म्हणालं, कुणी कांदा. एकाने ॲम्ब्युलन्सला फोन लावला, ती गावाच्या दुसऱ्या टोकाला होती. हॉस्पिटल त्याच रस्त्याला होतं, सरळ पुढे. टेलरबाईंनी काच वर केली आणि गाडी सुरू केली.

"तिसरा टाका," मास्तर डोळे मिटून म्हणाले.

"मला तिसरा येत नाही."

"क्लच दाबा... मग वर..."

"तुम्ही गप्प पडून राहा हो!"

तोवर बाईंनी मास्तरांना कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. त्या दुसऱ्या गिअरमध्येच गेल्या. इंजिन बोंबलत होतं, हॉर्नवरचा हात त्यांनी उचलला नाही, आणि रस्ता आपोआप मोकळा होत गेला. हॉस्पिटलच्या पायऱ्यांपाशी गाडीचं एक चाक पहिल्या पायरीवर चढलं आणि इंजिन आपलं आपण बंद पडलं. वॉचमन ओरडायला आला, आत बघितलं, आणि स्ट्रेचर आणायला पळाला.

सलाईन लागलं, रक्ताची बाटली लागली, नाडी जागेवर आली. मग पोटाच्या डॉक्टर आल्या. तरुण, हळू बोलणाऱ्या.

"रोजची औषधं काही?"

"काही नाही," मास्तर म्हणाले.

"बरं. अंग दुखलं, डोकं दुखलं, गुडघा दुखला तर काय घेता?"

"गुडघ्याची गोळी."

"रोज?"

"गुडघा रोजच दुखतो."

डॉक्टरांनी गोळीचं नाव विचारलं, मान हलवली आणि दुर्बिणीची तयारी करायला सांगितलं. घशात कडू फवारा मारला, तोंड उघडं राहावं म्हणून दातांमध्ये कडं बसवलं, डाव्या कुशीवर वळवलं. सिस्टर म्हणाल्या, "गिळा," आणि मास्तरांनी गिळलं. गुंगीचं इंजेक्शन दिलेलं असूनही पडद्यावर आपलं आतलं थोडं थोडं दिसत होतं. जठर संपून आतडं सुरू होतं त्या वळणाच्या पुढेच जखम होती आणि तिच्या तळाशी एक रक्तवाहिनी झिरपत होती. डॉक्टरांनी तिथे इंजेक्शन दिलं आणि बारीकशी धातूची चिमटी बसवून ती बंद केली.

गुंगी उतरल्यावर मास्तरांनी अभिप्राय दिला, "हात स्थिर आहे. वळणावर घाई करत नाही."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. गुडघ्याच्या गोळ्यांनी आतल्या अस्तराचं संरक्षण कमी केलं होतं, आणि जठरात एक जंतू मुक्काम करून होता. दोघांनी मिळून अल्सर केला. टॉनिकने शौचाला काळी होते हे खरं, पण इथे ते रक्त होतं, पोटात पचून काळं झालेलं.

"म्हणजे पित्त नाही?" मेव्हण्याने विचारलं.

"आणि राग गिळून गिळून, तेही नाही?" बायकोने विचारलं. आवाजात किंचित निराशा होती.

"राग काढला तर माझी हरकत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण जंतूवरचा कोर्स पूर्ण करायचा. आणि गुडघ्याची ती गोळी बंद."

बाकीचे गेल्यावर बायको खाटेजवळ बसली. बराच वेळ चादरीची घडी सारखी करत राहिली.

"काळी होत होती, तर मला का नाही सांगितलंत?"

"बायकोला सांगायची गोष्ट आहे का ती?"

"मग कुणाला सांगणार होतात? तुमच्या मेव्हण्याला?"

मास्तरांनी तिचा हात धरला. तिने तो काढून घेतला, डोळे पुसले, आणि परत दिला.

कोर्स कठीण गेला. तोंडाला सतत लोखंडाची चव, आणि गोळ्या अशा मोठ्या की एकेक घशाखाली उतरवणं म्हणजे परीक्षा. काही आठवड्यांनी श्वासाची तपासणी झाली. पिशवीत फुंकर मारायची. जंतू गेला होता. हाडांच्या डॉक्टरांनी गुडघ्याला पट्टा आणि व्यायाम दिला. गुडघा अजून दुखतो. तो दुखतो, असं आता मास्तर सांगतात तरी.

मास्तरांच्या बायकोने त्यानंतर गाडी शिकायचं मनावर घेतलं. "घरात आणखी एकाला यायला हवी," एवढंच कारण दिलं. मागच्या आठवड्यात शाळेच्या वळणावर मला ती गाडी दिसली. रस्त्याच्या मधोमध उभी. दोघंही समोर बघत एकाच वेळी बोलत होती. माझ्या मागे गाड्यांची रांग लागली. मी हॉर्न वाजवला नाही. बऱ्याच वेळाने ती गाडी हलली, आणि डावीकडचा इंडिकेटर चालू ठेवून उजवीकडे वळली.