भासऱ्याचा कॅमेरा

खाटेवर दोन कॅमेरे ठेवलेले होते. श्रावण समोर पाटावर बसून त्यांच्याकडे बघत होता. दोघांपैकी एकाला घराबाहेर काढायचं होतं, आणि कोणाला ते ठरत नव्हतं.

एक मिररलेस. काळा, वजनदार, हाताला खरखरीत. त्याच्यासोबत एकच बुटकी लेन्स, झूम न होणारी. आर्वीचा दुकानदार गजेंद्र ती बसवून दाखवताना म्हणाला होता, "हिच्यात मागंपुढं तुमालेच व्हा लागते, श्रावणभाऊ. लेन्स हालत नाई, मानूस हालते." दुसरा छोटा सुपरझूम. स्वेटरच्या खिशात मावेल एवढा. बटण दाबलं की त्याची नळी बाहेर येते, आणखी येते, आणि गावाच्या टाकीवर बसलेल्या कावळ्याची चोच समोर येऊन उभी राहते. गजेंद्रनं ओळखीवर दोन्ही वापरून पाहायला दिले होते. उद्या संध्याकाळी एक परत करायचा होता.

श्रावणच्या मुलाचं, किशोरचं, केव्हाच ठरलं होतं. त्यानं मिररलेस हातात घेऊन दिवसभर सगळ्यांना दाखवला. हा कॅमेरा डोळा आपणच शोधतो. समोर माणूस आला की एक हिरवी चौकट त्याच्या डोळ्यावर जाऊन बसते. किशोरनं ती म्हशीच्या डोळ्यावर बसवून दाखवली. भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोतल्या काकाच्या डोळ्यावरही ती बसली. तेव्हा मात्र त्यानं कॅमेरा खाली घेतला.

"पार्टी पहिले कॅमेरा पाह्यते, मंग फोटो," तो बापाला म्हणाला. "हे डबडं गळ्यात घालून गेलो तं लोकं इचारतीन, पाव्हना हाय का फोटोवाला?"

श्रावणला ते डबडंच हवं होतं. गुडघे गेले होते. लग्नाच्या स्टेजवर अक्षता अंगावर घेत पोरांच्या गर्दीत घुसणं आता जमत नव्हतं. पण गुडघे हे सांगायचं कारण होतं. खरं म्हणजे त्याला पहिल्यापासून लांबूनच बघायला आवडायचं. जवळ गेलं की माणूस चेहरा करतो, असं तो म्हणायचा.

रोहण्याच्या बसस्टँडजवळ त्याचं एका खोलीचं स्टुडिओचं दुकान होतं. तरुणपणी पुलगावला एकाकडे राहून तो हे काम शिकला. रिळाच्या काळापासून गावातलं प्रत्येक लग्न, प्रत्येक बारसं, तेरवीला लावायचा प्रत्येक फोटो त्यानंच काढला. गावातल्या बहुतेक माणसांचे चेहरे त्याला त्यांच्यापेक्षा जास्त पाठ होते. उजवीकडून कोण बरं दिसतं, कोणाचा डोळा फ्लॅशला मिटतो.

एक चेहरा तेवढा त्यानं कधी पाहिला नव्हता. तो भिंतीपलीकडे राहत होता.

कुंताबाई त्याच्या धाकट्या भावाची, भैयाजीची बायको. नवऱ्याचा मोठा भाऊ म्हणजे भासरा, आणि भासऱ्यासमोर पदर हनुवटीपर्यंत ओढायचा. या घरात ही रीत कोणी मोडली नव्हती. मोडावी असं कोणाला वाटलंही नव्हतं. दोघं एकमेकांशी थेट बोलत नसत. श्रावणची बायको होती तोवर निरोप तिच्यामार्फत जात. ती गेली, भैयाजीही गेला, मग निरोप म्हशीमार्फत जाऊ लागले. कुंताबाई आपल्या अंगणात म्हशीसमोर टोपलं ठेवता ठेवता म्हणायची, भाऊजीले म्हना, आज लाईन दुपारून हाय. भिंतीच्या अलीकडे श्रावण ते ऐकायचा आणि वीज आली की विहिरीवरची मोटर लावायला निघायचा.

ती आर्वीच्या बाजारात उघड्या तोंडानं वांगी विकायची. साऱ्या तालुक्यानं तिचा चेहरा पाहिला होता. श्रावण बाजारात शिरला की कोपऱ्यावर खाकरायचा. ते त्याचं काम होतं. भासऱ्यानं वळणावर खाकरायचं, म्हणजे पलीकडच्या बाईला पदर घ्यायला वेळ मिळतो. इतक्या वर्षांत खाकरणं त्याच्या चालण्यातच आलं होतं. रिकाम्या घरात शिरतानाही तो खाकरायचा.

आणि त्या घरातले सगळे फोटो त्यानंच काढले. भैयाजीच्या लग्नाचा, त्याच्या मुलीच्या, रोशनीच्या बारशाचा, रोशनीच्या लग्नाचा. भावाच्या शेजारी, मुलीच्या शेजारी, प्रत्येक फोटोत एक पदर उभा होता.

संध्याकाळी रोशनी भिंतीला वळसा घालून आली. ती नाचणगावला दिलेली. आईला न्यायला आली होती. कुंताबाईच्या डाव्या गालात गाठ होती. तोंडात नेहमी तंबाखूची चिमूट असायची, तिथंच ती आली. उद्या सकाळी सेवाग्रामला भरती करायचं होतं. डॉक्टर अर्धा जबडा काढणार होते.

रोशनी खाटेच्या काठावर टेकली. कॅमेऱ्यांना हात लावला नाही.

तिच्याकडे आईचा एकही फोटो नव्हता. आधार कार्डावर आहे, पण तो काळा डाग कोणाचाही असू शकतो. मोबाईलमध्ये दोन-तीन होते, त्यात अर्धा कान, नाहीतर हात. गालाला सूज आल्यापासून आई लेकीसमोरही पदर गालाशी धरून बसते. मोबाईल वर केला की पाठ फिरवते. उद्यानंतर तो चेहराच राहणार नाही, हे रोशनी सरळ बोलली. बोलून झाल्यावर मात्र खाली बघत राहिली.

"सकाळी ती वावरात जातेच," ती म्हणाली. "गाडी याच्या पहिले वांगे तोडतो म्हनते. तिथं पदर काढते, कोनी नसते ना. मी संग राहीन, बोलत राहीन, म्हंजे ती वर पाहीन. तुमी तुरीत बसजा, मोठेबाबा. ह्या लहान कॅमेऱ्यानं होते ना दुरून?"

श्रावणनं लहान कॅमेरा उचलला, पुन्हा खाटेवर ठेवला.

"तिले कळलं तं?"

"कळूच द्याचं नाई."

किशोर जुना कॅमेरा घेऊन कारंजाला लग्नावर गेला होता. तो असता तर हे काम त्याच्यावर ढकलता आलं असतं. पुतण्यासमोर कुंताबाई पदर घेत नसे. तो उद्या दुपारी येणार होता. ढकलायला कोणी नव्हतं. श्रावणनं फक्त मान हलवली, आणि रोशनी गेल्यावर लक्षात आलं की ती मान होकाराची होती.

अंधार पडायच्या आत त्यानं सुपरझूम घेऊन गच्चीवर जाऊन पाहिलं. दूरचा खांब जवळ आला. खांबावरचा कोतवाल पक्षी जवळ आला. नळी पूर्ण बाहेर काढली की हाताचा एवढासा थरकाप पडद्यावर भूकंपासारखा दिसायचा. कॅमेरा कठड्यावर टेकवला तेव्हा चित्र थांबलं. त्यात भिंतीपलीकडचं अंगण आलं. म्हशीच्या खुरांजवळ दोन पाय आले, भेगाळलेले, जोडवी नसलेले. हे पाय त्याच्या ओळखीचे होते. त्यानं कॅमेरा वर नेला नाही. नेता आला असता. बोटभर उचलायचा होता.

इतक्या वर्षांत वाट्याला आलं ते हे. पाय, खोकला, टोपल्याचा आवाज. एवढ्यावरून तो तिला गावातल्या कोणापेक्षाही जास्त ओळखत होता, आणि रस्त्यात ती पदराविना समोर आली असती तर ओळखलं नसतं.

सकाळी थंडी होती. तूर फुलावर आलेली, डोक्याच्या वर गेलेली. तो बांधाकडून वाकून आत शिरला. वावराच्या वळणावर खाकरणं आपोआप घशाशी आलं आणि त्यानं ते दाबलं. गिळलं. दव पडलेली पानं कानाला लागली तेव्हा त्याला चोरी म्हणजे काय ते कळलं. आतून काही उचलून नेणं नव्हे. न खाकरता आत जाणं.

मायलेकी आल्या. कुंताबाई वांग्याच्या ओळीत बसली, पाठमोरी. तिनं इकडंतिकडं बघितलं नाही. आपल्या वावरात बाई कशाला बघेल. पदर गालावरून काढला, डोक्यावरून काढला, कमरेला खोचला. पांढऱ्या केसांचा लहानसा अंबाडा दिसला.

श्रावणनं कॅमेरा तुरीत रोवलेल्या लाकडी मेढीच्या खाचेत टेकवला आणि नळी बाहेर सोडली. कॅमेरा वेड्यासारखा मागेपुढे करू लागला. त्याला तुरीचं पान सापडलं. पानाची शीर न् शीर स्पष्ट दिसली, पानावरचं दव दिसलं, आणि त्यामागे एक रंगाचा डाग, केसांचा, कातडीचा. त्यानं पान बोटानं खाली वाकवलं. पुन्हा शोधाशोध. रोशनी काहीतरी बोलली. तिचा आवाज गरजेपेक्षा मोठा होता.

डाग हलला. कुंताबाई वळत होती. आधी कान आला, कानातली कुडी आली, कुडी स्पष्ट झाली. आता गाल येणार होता. बोट बटणावर होतं, अर्धं दाबलेलं. आणखी तेवढंच दाबायचं होतं.

तो खाकरला.

सवयीनं की मुद्दाम, हे त्याला नंतरही सांगता आलं नाही. पडद्यावर एक हात आला आणि हिरव्या लुगड्यानं सगळं भरून गेलं.

रोशनीनं हातातलं वांगं टोपल्यात टाकलं. मग कुंताबाई वांग्याच्या झाडाला उद्देशून बोलली. गाठीमुळे शब्द जड येत होते.

"भाऊजीले म्हना, तुरीत काऊन बसले? साप निंगते तिथं."

श्रावण उठला. गुडघे वाजले. तो तुरीतून बाहेर आला नाही. तिथूनच, समोरच्या फुलांकडे बघत, त्यानं सांगितलं. कॅमेरा आहे. दुरून फोटो काढायचा होता. रोशनीचा दोष नाही, कबूल आपणच केलं. काढला नाही.

"मी म्हनलं होतं त्यायले, माय," रोशनी म्हणाली. "मले पाह्यजे होता. मंग काय करू? तू पाठ फिरवते."

कुंताबाई वांगी तोडत राहिली. तिनं ती ओळ पूर्ण केली. टोपलं उचललं, आणि बांधावर पोचल्यावर थांबली, पाठमोरीच.

"सारे फोटो त्याइनंच काढले," ती म्हणाली. "हाबी काढावा. पन असा नोको, डुकरं मारल्यावानी लपून. तो मोठा, लग्नाचा कॅमेरा आनाले सांग."

घरी येईपर्यंत गाडी येऊन दारात उभी होती. ड्रायव्हरनं एकदा हॉर्न वाजवला. श्रावणनं मिररलेस घेतला, पट्टा गळ्यात टाकला, आणि भिंतीच्या टोकाशी खाकरून भावाच्या अंगणात गेला. ती दाराच्या उंबऱ्यावर बसली होती, पदर हनुवटीपर्यंत. उजेड तिच्या उजवीकडून येत होता.

तो नेहमीच्या अंतरावर उभा राहिला आणि डोळा कॅमेऱ्याला लावला. आत सगळं अंगण आलं. दार, म्हैस, भिंत, आणि मध्ये कुठंतरी ती. या लेन्सला तिथून काही करता येत नव्हतं. माणसालाच जावं लागत होतं. तो एक पाऊल गेला. आणखी एक. इतक्या जवळ तो तिच्या कधीच गेला नव्हता, भाऊ गेला त्या दिवशीही नाही. हिरवी चौकट लुगड्यावर फिरत होती. काठावर गेली, बांगडीवर गेली, परत आली. तिला बसायला जागा सापडत नव्हती.

हॉर्न पुन्हा वाजला. रोशनीनं ड्रायव्हरला हात केला.

सुजलेली बाजू अंधारात जाईल असं बसवावं, उजवा गाल उजेडाला द्यावा, हे त्याच्या डोक्यात आपोआप आलं. तो रोशनीला म्हणाला, मायले म्हन, तोंड जरा डावीकडं कर, म्हंजे तो गाल नाई दिसनार.

पदराआडून आवाज आला. "सारा घ्या म्हना. अर्धा नोको. अर्धा तं मंग राहनारच हाय."

मग ती तशीच बसून राहिली. पदर वर होईना. तिचे हात मांडीवर होते आणि उठत नव्हते. श्रावणनं गावातल्या शेकडो नवऱ्यामुलींना जे म्हटलं होतं ते त्याच्या तोंडून निघालं, म्हशीला नाही, लेकीला नाही.

"कुंताबाई, मान वर करा."

तिनं दोन्ही हातांनी पदर उचलला.

चौकट जाऊन डोळ्यावर बसली. डोळा हसत नव्हता, रडत नव्हता. तो कॅमेऱ्याकडेही बघत नव्हता. त्याच्या मागे बघत होता, जिथं श्रावणचा डोळा असायला हवा. श्रावणनं बटण दाबलं. डोळा त्यानं कॅमेऱ्यावरून काढला नाही. आतल्या लहान पडद्यावर पदर पुन्हा खाली येईपर्यंत तो तसाच थांबला, आणि मगच मान फिरवली.

गाडीकडे जाताना कुंताबाईनं म्हशीच्या पाठीवर हात ठेवला. भाऊजीले म्हना, वांग्याले परवा पानी देजा, ती म्हणाली. म्हशीनं शेपूट हलवलं. गाडी गेली.

दुपारी किशोर आला, जागरणानं तारवटलेला. खाटेवर एकच कॅमेरा बघून त्यानं विचारलं, दुसरा कुठं आहे. सुपरझूम खोक्यात घालून दाराशी ठेवला होता, गजेंद्रकडे न्यायला. किशोरचा चेहरा उजळला. आपण जिंकलो असं त्याला वाटलं, आणि श्रावणनं ते वाटू दिलं.

"कसा आला फोटो?" मिररलेस हातात घेत त्यानं विचारलं. रोशनीचा फोन त्याला आला होता. "पाह्यला का तुमी?"

"तू पाहा," श्रावण म्हणाला. "रोशनीले पाठव. मंग एक कागदावर काढजो, तिच्यासाठी."

किशोर बटणं दाबत उजेडाकडे गेला. श्रावण त्याच्याकडे पाठ करून उभा राहिला. मागे बटणांचा आवाज थांबला.

परवाच्या दिवशी लाईन दुपारनंतर होती. सेवाग्रामहून अजून काही कळलं नव्हतं. श्रावण वावराच्या वळणावर आला, तिथं कोणी नव्हतं, आणि तो खाकरला. मग थोडं थांबला, आणि वांग्यांना पाणी सोडलं.