फॅमिली रूममधला दुसरा ग्लास

नांदेडला आता गच्चीवरची हॉटेलं निघाली आहेत. लोखंडी जिना, कुंड्यांत बांबू, भिंतीवर टांगलेली आख्खी सायकल. ही सायकल वर कशी चढली, हे मी दर वेळी विचारतो आणि दर वेळी तिथली मंडळी हसून दुसरीकडे बघतात. दाराशी एक मुलगी उभी असते.

"सर, किती जण?"

"दोन," मी म्हणतो.

असतो मी एकटाच. बायको लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली ती तिथेच रमली. पण 'एक' म्हणायला माझी जीभ वळत नाही. हा दोष माझा नाही, लातूरचा आहे.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. कचेरीची कपाटं आधी आली, ती टेकवायला भिंती नंतर. कपाटांबरोबर मीही आलो, नांदेडचा नवखा कारकून. खोली शोधायला गेलो की घरमालक पहिल्यांदा आडनाव विचारत, आणि आडनाव ऐकलं की खोली कालच गेलेली असे. शेवटी मिळाली ती गावाबाहेर, पत्र्याची. त्यात दुष्काळ. नळ आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी यायचा, तोही घाईतल्या पाहुण्यासारखा. त्याला चुकवून गावी जायचं तर पुढचा आठवडा कोरडा. त्यामुळे सुट्टीच्या दिवशीच मी लातूरला बांधलेला.

बायको लोह्याजवळच्या शाळेत शिक्षिका. तिचा बदलीचा अर्ज मीच माझ्या ठेवणीतल्या अक्षरात लिहून दिला होता. तिची सही तेवढी बाकी होती. त्या एका सहीची मी वाट बघून राहिलो होतो.

अशात गावात एक झगमगीत हॉटेल निघालं. नवा जिल्हा म्हटल्यावर तसं काही हवंच! खाली जनरल, वर फॅमिली रूम. खाली ठेकेदार नि अडते बाकावर खांद्याला खांदा लावून जेवायचे. वर कूलर, प्लायवूडच्या केबिन, मरून रंगाचे पडदे आणि काचेच्या पेटीत रंगीत मासे. त्या साली एवढं पाणी एका जागी बघायला मिळणं हीच मोठी चैन होती. जिन्याशी पाटी होती : एकट्या पुरुषांना वर प्रवेश नाही.

नळ भरून झाल्यावर, एका रविवारी दुपारी मी जिना चढलो. वरचा वेटर देगलूरकडचा, पन्नाशीचा, कानावर पेन्सिल.

"किती जण?"

आडनाव नाही, गाव नाही. फक्त किती जण! मला इतकं बरं वाटलं की बोलून गेलो, "दोन. मंडळी येऊन राहिलीत. एसटीनं अहमदपूर सोडलं असंल आता."

त्यानं दोन ताटल्या मांडल्या, दोन ग्लास भरले. मी सावकाश जेवलो. मंडळी काही आली नाहीत. वेटरनं दुसरा ग्लास उचलला, जिन्याकडे नजर टाकली आणि ते पाणी माशांच्या पेटीत ओतलं.

"मालक म्हनतो पेटी रिकामी कर. मी न्हाई करत," एवढंच म्हणाला.

पुढच्या रविवारी एसटी चाकूरला पंक्चर झाली. त्यापुढच्या रविवारी बायकोला ताप आला. सबबी संपल्या तेव्हा मी तिचं वर्णन सुरू केलं, कारण रिकाम्या खुर्चीसमोर नुसतं चावत किती वेळ बसणार? "मामा, तिला तिखट अजिबात चालत नाही. सूपमध्ये मिरपूड नको. पापड भाजलेला. आणि बोलते इतकं हळू, की कान न्यावा लागतो जवळ." असली बाई आमच्या घराण्यात झाली नाही. पण एकदा सोंग घेतलं की मला आवरत नाही. मामा पेन्सिल काढून मन लावून ऐकायचे. माझं आठवड्यातलं खरं बोलणं तेवढंच. बाकीचे दिवस कचेरीत फायली आणि खोलीवर बादल्या.

मार्चमध्ये ती खरंच आली. सही करायच्या आधी गाव बघते, म्हणाली. खोलीवर नेलं असतं तर तापलेला पत्रा आणि रिकामे हंडे दिसले असते. म्हणून स्टँडवरून थेट फॅमिली रूममध्ये नेलं. आधी मासे, मग हंडे.

मामा हरखले. "या ताई, या! लई वाट बघाय लावली." आणि न विचारता सूप आलं, भाजलेला पापड आला, फिकी भाजी आली. बायकोनं एक चमचा तोंडात घातला आणि असा आवाज लावला की शेजारच्या केबिनचा पडदा हलला.

"अहो, ह्यात काही हाय का न्हाई? का दवाखान्यातून आणलं? मामा, चार हिरव्या मिरच्या आणा बरं, मीठ लावून."

मामांचा चेहरा उतरला. त्यांनी मला खुणेनं पेटीपाशी बोलावलं. "साहेब, राग नका मानू. ह्या त्याच हायेत ना? त्या ताईला तर मिरची चालत न्हाई."

ते कुजबुजले खरे, पण प्लायवूड ते किती अडवणार?

"इकडं या दोघं," आतून हुकूम आला. "अजून काय काय चालत नाही मला? सांगा मामा."

मामांनी सगळं सांगितलं. पंक्चर, ताप, हळू आवाज, दर रविवारची दुसरी ताटली. ती हसत सुटली. मीही उभा राहून माझीच नक्कल करून दाखवली. मग ती हसायची थांबली.

"किती रविवार?"

"मोजले नाहीत," मी म्हणालो. मोजले होते.

तिनं अर्धं पाणी प्यायलं आणि उरलेलं स्वतः उठून माशांना घातलं. खोली काही तिनं बघितलीच नाही.

दुपार कलल्यावर स्टँडवर, एसटीच्या खिडकीत बसून तिनं पर्समधून अर्ज काढला. माझं अक्षर, खाली कोरी जागा.

"पाण्याचं काही नाही हो. डोक्यावर आणलं असतं. पण जिल्हा बदलला की माझी सगळी ज्येष्ठता गेली, परत शेवटून सुरुवात. मुख्याध्यापिका व्हायच्या यादीत दुसरी हाय मी. ते सोडून आले तर तुमच्या त्या हळू बोलणाऱ्या बाईसारखी होईन."

"आणि मी?" मी विचारलं. त्यात सोंग नव्हतं.

"तुम्हीच सांगा," ती म्हणाली. तिचेही डोळे भरले होते. मी अर्ज घडी घालून खिशात ठेवला. गाडी लोह्याच्या वाटेनं निघून गेली.

पुढच्या रविवारी नळ भरला आणि जिना चढलो.

"किती जण?" मामांनी विचारलं.

"एक. ती येणार नाही मामा. बदली घेत नाही. मी आपला खाली बसतो."

मामांनी पाटीकडे पेन्सिल दाखवली. "एकट्याला वर बसता येत न्हाई, साहेब. मालकाचा नियम हाय."

"तेच म्हणतोय. जातो खाली."

"म्हनून दोन लिवलं." त्यांनी माझी खुर्ची ओढली, दोन ताटल्या मांडल्या, दोन्ही ग्लास भरले. मग आत जाऊन आले आणि समोरच्या ताटलीत चार हिरव्या मिरच्या ठेवल्या, मीठ लावून.