गिअरबॉक्समधला भुसा

परवा विरारच्या गॅरेजमध्ये मेकॅनिकने माझ्या गाडीच्या गिअरबॉक्समधली तेल बघायची पट्टी ओढली, तसा जळक्या तेलाचा वास आला आणि मला एकदम निर्मळ गावातलं आमचं लहानपणीचं अंगण आठवलं.

पप्पांनी त्यांच्या जिवलग मित्राकडून, सायमन अंकलकडून, जुनी विलायती गाडी घेतली होती, आपोआप गिअर बदलणारी. आठवडाभरात ती रुसली. इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी जागची हलेना. शेवटी पप्पांनी खाली सरपटत जाऊन गिअरबॉक्सचं झाकण खोललं. लाल तेलाऐवजी काळा, बुळबुळीत लगदा घमेल्यात पडला. मी तो बोटांनी चाचपला, तर त्यात लाकडाचा भुसा. गिअर घसरतात हे विकेपर्यंत कळू नये म्हणून भरलेला.

"अंकलना ठाऊक नसेल," मी म्हटलं.

पप्पांना मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही.

रविवारी चर्चमधली मिस्सा संपल्यावर अंकल देवळाबाहेर हसत भेटले. पप्पा म्हणाले, "सायमन, गिअरबॉक्समध्ये भुसा निघाला."

"एवढ्यात खोललास पण?" अंकलनी विचारलं.

तेव्हा मला किळस आली होती ती बोटांना चिकटलेल्या त्या लगद्याची. आता येते ती त्या प्रश्नाची, कारण तो विचारतानाही अंकल हसतच होते.