कुंदा प्यायलेली नव्हती

कुंदा दारू पिऊन मेली नाही.

हे एक वाक्य लिहायला मला इथे, तुम्हा सगळ्यांसमोर यावं लागलं, कारण काल तिच्या बेसण्याहून, म्हणजे शोकसभेहून, निघताना लिफ्टमध्ये दोन बायका तिच्याबद्दल गुजरातीत बोलत होत्या. मी त्यांच्या मागेच उभी होते.

"सांभळ्युं ने? कॅबरे जोवा गयेलां. त्यां पीधुं."

"आ उंमरे?"

"एटले ज ने."

लिफ्ट खाली आली. दोघींनी वळून मला पाहिलं, "जय श्रीकृष्ण" म्हणाल्या आणि गेल्या.

म्हणून जे झालं ते लिहिते. मी शेजारच्या खुर्चीत होते.

कुंदा माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. बडोद्यातल्या घडियाळी पोळात वाढलेली. शाळेत गणित शिकवून रिटायर झाली. नवरा रिफायनरीत होता, तो गेल्यापासून एकटी राहायची. मुलगी गौरी बंगलोरला.

लहानपणी सिनेमात क्लबचं गाणं सुरू झालं की तिचे वडील उठायचे. "चला, पाणी पिऊन येऊ." सगळी भावंडं रांगेने बाहेर. गाणं संपलं की आत.

त्यामुळे जुन्या हिंदी सिनेमांतल्या कॅबरेचा लाइव्ह शो बडोद्यात येतोय म्हटल्यावर तिने मला न विचारता दोन तिकिटं काढली.

"नंदे, एकदा तरी जागेवर बसून बघायचंय."

"लोक काय म्हणतील?"

"लोकही तिथेच असणार गं. म्हणतील कुठल्या तोंडाने?"

हॉटेलचा बँक्वेट हॉल. लाल पडदे, टेबलावर छोटे दिवे. कोपऱ्यात सिनेमातल्यासारखा बार, पण गुजरातमधला. बाटल्यांत रंगीत पाणी आणि उंच ग्लासांत सरबत. आम्ही दोघींनी कोकम घेतलं.

मला कार्यक्रम फारसा आवडला नाही. कुंदाला आवडला. ती टेबलावर बोटांनी ठेका धरत होती.

दोन गाण्यांच्या मध्ये एक नट बेवड्याचं सोंग घेऊन टेबलांमधून झोकांड्या खात फिरायचा. लोक हसायचे.

तो आमच्यापाशी आला, तेव्हाच कुंदाच्या हातातून ग्लास पडला. सगळं कोकम साडीवर.

"नंदे, हात..." एवढंच मला कळलं. पुढचे शब्द एकमेकांत अडकले. ओठाचा डावा कोपरा खाली ओघळला होता.

नटाला वाटलं, ही साथ देतेय. त्याने तिला वाकून सलाम केला. हॉल हसला. टाळ्याही पडल्या.

माझ्या सासूबाईंना असंच झालं होतं, म्हणून मला लगेच समजलं. मी उभी राहून ओरडले, "स्ट्रोक आहे. अँब्युलन्स बोलवा."

कुणीही फोन काढला नाही. काढले ते व्हिडिओसाठी.

शेजारच्या टेबलावरचे एक काका, चांगल्या घरचे, समजुतीने म्हणाले, "बेन, गभराशो नहीं. छाश पिवडावो, उतरी जशे." ताकाने म्हणे उतरेल.

त्यांच्या बायकोने लिंबूपाणी आणलं आणि कुंदाचं तोंड उघडायला लागली. मी तिचा हात बाजूला केला. घोट श्वासनळीत गेला असता. ती म्हणाली, "भलाई करवा जईए तो आवुं."

मग मॅनेजर आला. त्याने कुंदाकडे पाहिलंच नाही, माझ्याशीच बोलला.

"मॅडम, आगळथी नहीं. पोलीस आवशे तो बधानुं बगडशे. पाछळ दादर छे." म्हणजे पुढून नको, मागच्या जिन्याने न्या.

मी सांगितलं, तिने कोकम प्यायलंय, ग्लास तुमचाच आहे, वास घ्या.

"बधा एम ज कहे छे, मॅडम."

मी स्वतः फोन केला. अँब्युलन्स पुढच्या दाराशी येऊन उभी राहिली आणि मॅनेजरच्या माणसांनी ती मागे पाठवली. मागचं फाटक बंद होतं. किल्ली शोधण्यात वेळ गेला. तो वेळ कुंदाचा होता.

मागच्या अरुंद जिन्यावरून तिला खाली न्यायला एकच जण पुढे आली. नाचणाऱ्यांतली एक मुलगी, डोक्यावरची पिसं तशीच. "आंटी, आप सिर सँभालो, पैर मैं लेती हूँ." तिचं नाव विचारायचं राहिलं.

हॉस्पिटलमध्ये ड्यूटीवरचा डॉक्टर आधी कुंदाच्या तोंडाशी वाकला आणि वास घेतला. मग मला विचारलं, "केटलुं पीधुं छे?"

स्कॅन त्यानंतर झाला. वरचे डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर इंजेक्शन देता आलं असतं.

तीन दिवसांनी कुंदा गेली. शुद्ध आलीच नाही.

दारूबंदीच्या राज्यात राहून आपल्याला झोक जाण्याचं एकच कारण माहीत आहे. माणूस अडखळला, बोबडं बोलला, की पोलीस यायच्या आत त्याला मागच्या दाराने काढायचं. त्या हॉलमध्ये कुणी वाईट नव्हतं. सगळे सभ्य होते. सभ्यपणेच त्यांनी तिला मरू दिलं.

तुमच्यासमोर कुणाचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, तर कृपा करून वास घेत बसू नका. हॉस्पिटल गाठा.

गौरी विमानाने आली तेव्हा सगळं संपत आलं होतं. कॉरिडॉरमध्ये तिने मला बाजूला घेतलं. व्हिडिओ तिच्यापर्यंत पोहोचला होता.

"मावशी, खरं सांग. आईने घेतली होती?"

"कोकम घेतलं होतं. मीही तेच घेतलं."

"तू तिची बाजू घेणारच गं."

नर्सने दिलेली कुंदाच्या वस्तूंची पिशवी मी तिच्यापुढे केली. तिने सगळ्यात आधी साडी बाहेर काढली, पदर शोधला, नाकाशी नेला आणि हुंगला. बराच वेळ. मग ती तिथेच फरशीवर बसली.

कुंदा, तू ती क्लबची गाणी जागेवर बसून पाहिलीस. अर्धी का होईना. तुला माझा नमस्कार.

गौरी कुंदाची एकुलती एक मुलगी. तिच्या हाती मी दिलं ते असं: घड्याळ, चालू. चष्मा. सोन्याच्या दोन बांगड्या, हात सुजल्यामुळे डावी कापलेली. पर्स आणि घराची किल्ली. साडी, न धुतलेली.

— सुनंदा