लाल दांड्यावरचा नाडा

दसऱ्याच्या सकाळी पूजा झालेल्या मशीनवरचा नाडा मी छाटणीच्या कात्रीने कापला. सगळ्यांच्या देखत कापला, आणि कुणाला विचारत बसले नाही. त्यावरून अजून मला बोल लावतात. मी ते मनावर घेत नाही.

मशीन म्हणजे द्राक्षबागेतल्या छाटलेल्या काड्यांचा चुरा करणारं चिपर. माझं स्वतःचं आहे. ट्रॅक्टरच्या मागे जोडायचं, त्याच्याच ताकदीवर ते चालतं. छाटणीच्या दिवसांत नाशिकच्या आसपासच्या बागांतून मी ते घेऊन फिरते. बाई मशीन चालवते म्हणून आधी लोक बांधावर उभे राहून बघायचे. आता माझ्या जिभेला घाबरून लांब राहतात. राहावंच. मशीनच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही, बाजूने काडी घालायची. शेवटचा तुकडा हाताने नाही, लांब काठीने ढकलायचा. बांगड्या, ओढणी, मोकळे केस चालणार नाहीत. काही अडकलं तर आधी इंजिन बंद, किल्ली माझ्या खिशात, मगच झाकण उघडायचं.

सगळ्यात वरचा नियम लाल दांड्याचा. जिथून काडी आत घालतात तिथे तो आडवा असतो. कोपराने, कमरेने, कशानेही ढकलला की काडी आत ओढणारे रूळ जागच्या जागी थांबतात. माणूस आणि पाती यांच्यामध्ये तेवढा एक दांडा आहे.

आता आपल्याकडे दसरा म्हटलं की हाराला जागा लागते. ट्रॅक्टरला बॉनेट आहे, गाडीला आरसा आहे. चिपरला हार अडकवण्याजोगं काय, तर तो दांडा. मशीन नवं आलं त्या वर्षी मीच झेंडूचा हार तिथे घातला आणि घसरू नये म्हणून पूजेच्या नाड्याचे पाच वेढे देऊन गच्च बांधला. पूजेचा नाडा सोडायचा नसतो, आपसूक तुटू द्यायचा, म्हणून तसाच ठेवला.

तिसऱ्या दिवशी पेठ तालुक्यातून आलेल्या मजुरांच्या टोळीतल्या एका बाईची बाही काडीच्या आकड्यात अडकली. साडीवर नवऱ्याचा शर्ट घालायची पद्धत, त्यामुळे बाही लांब. मी सांगितलं होतं तसं तिने कमरेने दांडा ढकलला. तो हलला नाही. मी धावत जाऊन इंजिन बंद केलं. बाही कोपरापासून फाटून आत गेली, हात बाहेर राहिला. ती खाली बसून बोटं उघडमीट करत राहिली. लोक म्हणाले, पूजा केली होती म्हणून वाचली. पूजा केली होती म्हणूनच दांडा अडकला होता, आणि ती मी केली होती. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी नाडा सोडला आणि कुणाला काही बोलले नाही. त्यानंतर मात्र दांड्यावर कुणी काही अडकवायला गेलं की माझा पारा चढतो.

यंदा बागमालक भाऊंच्या आईने दांड्यावर नाडा बांधला. मी तेव्हा चहा घेत होते. परत आले, पाहिलं आणि कापला. भाऊ लालबुंद झाले.

"आईनं बांधलेला नाडा तोडला तुम्ही. सणासुदीला नाट लावला. आता काही वाईट झालं तर?"

"माझ्या नावावर खपवा," मी म्हटलं. "हात गेला तर कोणाच्या नावावर खपवाल?"

त्यांनी मला मशीन घेऊन जायला सांगितलं. दुसरं मागवतो म्हणाले. हंगाम नुकता सुरू झालेला, आणि अशी गोष्ट चार बागांत पसरायला वेळ लागत नाही. तरी मी ट्रॅक्टरवर चढले. तेवढ्यात पेठच्या त्याच बाईने डोक्यावरची मोळी खाली टाकली.

"दुसरं आना. पन त्याचा दांडा मोकळा नसंल, त आमी काडी घालनार नाय."

मागच्या बायकांनीही मोळ्या टाकल्या. भाऊंची आई पुढे आली. दांडा कशाला असतो, तिने विचारलं. मी मशीन सुरू केलं आणि तिला तळव्याने ढकलायला लावला. रूळ थांबले. तिने हात मागे घेतला आणि ती माझ्याकडे वळली.

"हे आधी कुनी सांगितलं असतं, तर मी बांधला असता का?"

खरं होतं. इतकी वर्षं मी ओरडत आले, पण का ते कधी सांगितलं नाही. सांगायचं तर स्वतःची चूक सांगावी लागली असती. मग सांगितली. पाच वेढे, झेंडू, सगळं. त्या बाईकडे बघायची हिंमत होत नव्हती, तरी बघितलं.

"मला ठाव व्हतं," ती म्हणाली. "फाटका शर्ट घ्यायला परत आले, तवा तुम्ही नाडा सोडत व्हत्या. एकट्याच रडत व्हत्या. म्हनून त मी तुमच्याच मशीनवर येते."

तिने मोळी उचलली, आईच्या देखत भाऊंनी अडवलं नाही, आणि आम्ही त्या दिवसाचं काम पुरं केलं. भाऊंनी पुढच्या हंगामाला दुसरं मशीन सांगून ठेवलंय म्हणे. खुशाल सांगावं. ही टोळी माझ्याबरोबर येणार आहे.